खोपीतले जेवण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असे चिटणिसांनी सुचविले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावर सोपविली. मात्र 'विषय फार जड नको' एवढी एक सूचना जाता जाता दिली. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे टिपणे लिहिण्यात घालविलेल्या माणसास हलका विषय सुचणे ही सोपी गोष्ट नव्हे. पुष्कळ विचार करून आम्ही जेवणाचा विषय घेतला. तो जड झालाच तर पोटास होईल, डोक्यास होणार नाही, अशी आमची समजूत होती. जुळवाजुळव करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या ताटाखाली बरेच काही दडलेले आहे. कायदे आहेत, आंदोलने आहेत, बाप-लेकांचे वाद आहेत. तेव्हा मधूनमधून जड लागल्यास चिटणिसांनी क्षमा करावी.

प्रथम खोप म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांचा जन्म बसवनगुडीत वा मल्लेश्वरमात झालेला आहे आणि काहींची घराणी तर शहाजीराजांच्या काळापासून या मुलखात आहेत. त्यांनी समुद्र पाहिला तो सहलीतच. कोकणात आणि गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर, भरतीची रेषा संपते त्याच्या थोडे वर, माडांच्या आडोशाने एक लांबट झोपडी असे. माडाचे वा पोफळीचे खांब, वर बांबूचा सांगाडा आणि त्यावर विणलेल्या झावळ्यांचे छप्पर. बाजूंना भिंती असल्या तर झापांच्या, नसल्या तर नाहीतच. ही खोप. तीत माणूस राहत नसे. तीत होडी राही, जाळे राही, दोरखंडाची वेटोळी राहत आणि दुपारच्या वेळी जाळे दुरुस्त करीत बसलेली चार म्हातारी माणसे. पावसाळ्यात होडी वर ओढून चहूबाजूंनी झापांनी झाकून टाकीत आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की पुन्हा उघडीत.

या खोपीचा खरा मालक म्हणजे रापण. गोव्यात तिला 'रापोण' म्हणतात. ही ओढीव जाळ्याची पद्धत आहे. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावरील माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि दुसरे टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्यास आणून देते. मग दोन्ही टोकांस माणसे लागतात. पंचवीस-तीस तरी, मोठी रापण असली तर साठ-सत्तर. तास दोन तास ओढण चालते. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात आणि शेवटी मधली पिशवी वाळूवर येते. तीत बांगडे असतात, तारल्या असतात, पेडवे, मांदेली, कोळंबी, कधी नुसतेच शेवाळ आणि खेकडे. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. वाटेने जाणाऱ्याने दोरीस हात लावला तर त्याच्याही ओंजळीत चार मासे पडतात. बर्फ नव्हता त्या काळी बांगडा फार मिळाला तर तो माडांच्या आळ्यात खत म्हणून जाई. आज बेंगळूरूत बांगड्याचा भाव ऐकताना ही गोष्ट कोणास खरी वाटणार नाही.

आता या खोपीत जेवणाची टेबले कशी आली ते पाहू.

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. साठाच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात कळंगुट, बागा, हणजुणे या किनाऱ्यांवर परदेशी तरुण-तरुणींचे तांडे येऊ लागले. त्यांच्याजवळ वेळ भरपूर होता आणि पैसे बेताचे. त्यांना पंचतारांकित हॉटेल नको होते. सावली, चहा, ऑम्लेट आणि तळलेला मासा एवढे पुरे होते, आणि या चारही गोष्टी किनाऱ्यावरील कुटुंबाजवळ होत्या. खोपीच्या एका कोपऱ्यात चूल पेटली, बाहेर दोन बाके आली. ज्या घरातील पुरुष पहाटे रापणीवर जात, त्या घरातील बायका दुपारी मासे तळू लागल्या. पुढे याच धर्तीच्या, झावळ्यांचे छप्पर असलेल्या, मुद्दाम उभारलेल्या खानावळी झाल्या आणि त्यांस सर्वत्र 'शॅक' म्हणू लागले. त्यांना पर्यटन खात्याचे परवाने आले. परवान्यांसाठी सोडत आली. आज गोव्यात अशा परवानाधारक शॅकची संख्या काही शेकड्यांत आहे.

आमची बदली पणजीस झाली ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. कार्यालयाची कामे आटोपली की शनिवारी सायंकाळी सहकुटुंब किनाऱ्यावर जाण्याचा परिपाठ असे. त्या काळातील शॅकची खाद्यसूची आमच्या चांगली स्मरणात आहे. पहिल्या पानावर केळ्याचे पॅनकेक, दुसऱ्यावर बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि ब्रेडमध्ये घोळविलेला मासा, तिसऱ्यावर चिनी नूडल्स आणि कोठेतरी शेवटच्या पानावर, मिठाई आणि सिगारेटी यांच्यामध्ये, लाजत उभा असलेला 'फिश करी-राइस'. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा तिरफळे घातलेले बांगड्याचे हुमण मागितले तेव्हा वाढणारा मुलगा गोंधळला. तो दूरच्या डोंगराळ मुलखातून आलेला होता. मालकीणबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, आमच्याकडे जरा निरखून पाहिले आणि म्हणाल्या की, ते आम्ही घरच्यासाठी करतो, चालत असेल तर त्यातलेच देते. ते जे ताट त्या दिवशी आले, उकड्या तांदळाचा भात, हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर आणि सोलकढी, त्याची बरोबरी खाद्यसूचीतील कोणत्याही पदार्थाने पुढे केली नाही. त्याचे पैसे किती घ्यावयाचे हे बाईंना ठाऊक नव्हते. ते सूचीत नव्हतेच ना!

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, सुमारे पाव शतकानंतर, २०२३ साली, गोवा सरकारने शॅकविषयीचे नवे धोरण आणले आणि शॅकमध्ये गोव्याचे जेवण, फिश करी-राइस, मिळालेच पाहिजे असा आग्रह धरला. किनाऱ्यावरील माणसाने आपले रोजचे जेवण गिऱ्हाइकास वाढावे म्हणून सरकारी धोरण करावे लागते, यात हसण्यासारखे आहे. आम्ही तरी पहिल्यांदा हसलो. परंतु सरकारी माणसाच्या नजरेने पाहता तो हुकूम वाटतो तितका निरर्थक नाही. कारण शॅक चालविणारा आणि शॅकचा परवाना ज्याच्या नावे तो, ही दोन माणसे पुष्कळदा वेगळी असतात. परवाना स्थानिकाच्या नावे आणि धंदा बाहेरच्या भांडवलदाराचा, ही पोटभाडेकरूची पद्धत नियमाने मना असूनही थांबलेली नाही. चालविणाराच बाहेरचा असल्यावर त्याच्या स्वयंपाकघरात हुमण कोठून यावे?

येथे एक आणखी बारीक गोष्ट आहे आणि आमच्या मते या सर्व विषयाचे मर्म तीच आहे. खोपीत बसून आपण जो मासा खातो तो खोपीचा मासा नव्हे. रापणीत येणारा मासा लहान, काटेरी, ताजा आणि स्वस्त. पेडवे, मांदेली, वेर्ली. हे मासे खाण्यास जिभेची व दातांची लहानपणापासूनची तालीम लागते. बाहेरून आलेल्या पाहुण्यास काटा नको असतो. त्यास हवी असते सुरमईची जाड तुकडी, मोठे पापलेट, वाघी कोळंबी, शेवंड. हा माल खोल समुद्रातून येतो, ट्रॉलरवर येतो, बंदरावर उतरतो, बर्फात बसतो आणि ट्रकने किनाऱ्यावर पोहोचतो. आम्ही विचारपूस केली तेव्हा एका शॅकमधील सुरमई मालपेहून आलेली निघाली. म्हणजे आपण बेंगळूरूहून सहाशे किलोमीटर प्रवास करून जावे आणि आपल्याच कर्नाटकातील मासा खाऊन यावे! मालपेचा तोच मासा शिवाजीनगरच्या रसेल मार्केटातही येतो. समुद्र तेवढा येत नाही.

आता ट्रॉलरचा उल्लेख झाला, तर त्याविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९५० च्या दशकात केरळात नॉर्वेच्या सहकार्याने यांत्रिक मासेमारीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढील वीस वर्षांत तळ खरवडणारी जाळी सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कर्जे व अनुदाने मिळाली ती बहुतेक ज्यांच्याकडे आधीच काही होते त्यांना. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासे नेऊ लागले, तेव्हा रापणीत शेवाळ आणि खेकडेच येऊ लागले. सत्तरच्या दशकात गोव्याचे रापणकार रस्त्यावर आले. त्यांचे नेते माथानी साल्ढाणा हे व्यवसायाने शिक्षक. त्या आंदोलनातूनच देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांची संघटना उभी राहिली. १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले व किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी कागदावर तरी राखला गेला. कागदावर म्हणावयाचे कारण, समुद्रावर रेघ ओढता येत नाही आणि गस्तीची नाव बहुधा दुसरीकडेच असते. पुढे मोठी पर्ससीन जाळी आली. सिंधुदुर्गात त्यावरून समुद्रात व किनाऱ्यावर मारामाऱ्या झाल्या. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने पर्ससीनवर कडक निर्बंध घातले. भांडण मिटले असे मात्र कोणी म्हणणार नाही.

योगायोग पाहा. रापणकारांचे तेच नेते साल्ढाणा २०१२ च्या मार्च महिन्यात गोव्याचे पर्यटनमंत्री झाले. खोपी आणि शॅक या दोहोंची बाजू आतून ओळखणारा मनुष्य त्या खुर्चीवर बसला होता. त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले.

खोपीतून खानावळ होण्याचा हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, अब्रुत्सो प्रांतात, ओर्तोना ते वास्तो या पट्ट्यात 'त्राबोक्को' नावाची लाकडी यंत्रे आहेत. समुद्रात रोवलेल्या खांबांवर एक मचाण, किनाऱ्यापासून तेथवर जाणारा अरुंद लाकडी पूल आणि पुढे लांबलचक सोट्यांना टांगलेले चौकोनी जाळे. जाळे चरकाने खाली सोडावयाचे आणि वर उचलावयाचे. होडीची गरज नाही, समुद्रात जाण्याची गरज नाही. शेतकऱ्यानेही मासेमारी करावी अशी ही युक्ती. दानुन्त्सियो या इटालियन साहित्यिकाने १८९४ च्या आपल्या एका कादंबरीत या यंत्राचे वर्णन केल्यामुळे त्यास साहित्यात स्थान मिळाले. मासेमारी परवडेनाशी झाली तेव्हा ही यंत्रे मोडकळीस आली. मग प्रांताने त्यांच्या जतनासाठी कायदे केले आणि त्यांपैकी कित्येकांवर जेवणाची टेबले मांडली गेली. आमचे एक स्नेही तेथे जेवून आले. खाली लाटा, वर टांगलेले जाळे, आणि लहान लहान वाट्यांतून एकामागून एक येणारे मासळीचे प्रकार. त्यांनी वर्णन करून करून आम्हांस हैराण केले. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला: जाळे खाली सोडले होते काय? ते म्हणाले, हो, पाहुण्यांना दाखविण्यापुरते एकदा सोडले होते.

कोचीनला हेच आम्ही स्वतः पाहिले. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरील चिनी जाळी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ती चिन्यांनी आणली म्हणतात, कोणी म्हणतात मकावमार्गे पोर्तुगीजांनी. प्रचंड लाकडी सांगाडा, दोऱ्यांना टांगलेले दगड हे त्याचे वजन, आणि तो तराजूसारखा झुलवावयास चार ते सहा माणसे. सागवानी सोटे महागल्यामुळे त्यांच्या जागी आता कित्येक ठिकाणी लोखंडी नळ आले आहेत. जाळ्याच्या पायथ्याशीच मासळीचे ठेले आहेत. मासा निवडावा, तोलून घ्यावा, शेजारच्या खोपटात नेऊन द्यावा. ते तो आपल्यादेखत तळून वा भाजून देतात. पद्धत सुरेख आहे. आम्ही तासभर उभे राहून पाहिले. त्या तासात जाळे पाच-सहा वेळा वर आले आणि त्यात मूठ दोन मुठी लहान मासळी आली. ठेल्यावर मात्र हातभर लांबीचे मासे ओळीने मांडलेले होते. ते कोठून आले हे विचारण्याची गरज पडली नाही.

असो. एवढे सर्व सांगितल्यावर आपणांस वाटेल की, खोपीत जेवणाऱ्यांवर आमचा रोष आहे. तसे मुळीच नाही. भुकेल्या माणसास जेवू घालणे हा कोठेही कमीपणाचा व्यवसाय नव्हे, आणि बेंगळूरूत राहणाऱ्या मराठी माणसाने तर हे कधी म्हणूच नये. या शहरातील 'मिलिटरी हॉटेले' आपल्याच मराठा कुटुंबांनी चालविलेली आहेत. त्यांपैकी काहींस शंभर वर्षे होऊन गेली. घोड्यावरून उतरलेल्या वंशजांनी रागीमुद्दे आणि मटणाचा रस्सा वाढला आणि त्यावर अब्रूने संसार केले. मग होडीवरून उतरलेल्याने मासे का वाढू नयेत? खोपीत धंदा चालतो म्हणून मुलगा गावात राहतो, नाही तर तो आखाती देशात जातो किंवा परदेशी जहाजावर खलाशी होतो. हा विचार लहान नाही.

शॅकमध्ये आम्हांस एक गोष्ट अतिशय प्रिय आहे. ती पावसाळ्यापूर्वी मोडावी लागते. मे महिना संपत आला की छप्पर उतरते, खांब उपटले जातात, बांबू मोजून बांधले जातात आणि जूनच्या पहिल्या मोठ्या भरतीच्या वेळी तेथे नुसती वाळू असते. समुद्रास 'तू ये, आम्ही बाजूला होतो' असे म्हणणारी दुसरी खानावळ आम्हांस ठाऊक नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा ज्यांनी आवराआवर आधी केली होती ते थोडक्यात निभावले.

हा नियम आला कोठून? किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे होऊ नयेत असे पत्र पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ च्या नोव्हेंबरात किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. त्यातूनच पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिची नवी आवृत्ती ६ जानेवारी २०११ रोजी निघाली. तीत गोव्यासाठी एक वेगळी सवलत आहे. सप्टेंबर ते मे या काळात 'रूढीने' उभारली जाणारी तात्पुरती, हंगामी बांधकामे चालतील, असा तिचा आशय. आम्ही आयुष्यभर अधिसूचना वाचल्या. त्या वाचताना सहसा आनंद होत नाही. पण हा 'रूढीने' शब्द वाचून आम्ही थांबलो. ही रूढी कोणाची? सप्टेंबरात उभारावे आणि मे महिन्यात उतरवावे हे पर्यटन खात्याने शोधून काढलेले नाही, हॉटेलवाल्याने तर नाहीच. ती रापणकाराची रूढी. त्याच्या खोपीचे पंचांग सरकारने शॅकला लावून दिले. २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरील तात्पुरत्या शॅकना इतर राज्यांतही वाट मोकळी केली. म्हणजे हा प्रश्न आता आपल्या सिंधुदुर्गातही येऊन ठेपला आहे.

येथे आमच्या गावाकडची एक हकीकत सांगतो. आमचे मूळ गाव वेंगुर्ले तालुक्यात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबाग हा सारा पट्टा बदलला. घराघरांत न्याहारी-निवासाची सोय झाली. आता तर पाहुणे सकाळी रापणीची दोरी ओढतात, फोटो काढून घेतात आणि दुपारी त्याच घरी मालवणी थाळी जेवतात. हे लोण हळूहळू आमच्या बाजूसही आले. आमच्या किनाऱ्यावर एक रापणीची खोप अजून उभी आहे. तिचे कर्ते पंचाहत्तरीच्या घरातील, जातीने गाबीत, आमच्या वडिलांना ओळखणारे. आम्ही त्यांना काका म्हणतो. दोन वर्षांमागे गणपतीस गेलो तेव्हा काका खोपीच्या दाराशी बसले होते आणि चेहरा उतरलेला होता. विचारले तेव्हा म्हणाले, "झिलांका हॉटेल व्हया. माका जाळा ठेवूक जागा व्हयी. आता खोप एकच, काय करूचा तां सांगा साहेबांनू."

आम्ही दोन्ही मुलांशी बोललो. मुले शहाणी आहेत. एक पदवीधर आहे, दुसरा बोटीचे इंजिन दुरुस्त करतो. त्यांचे म्हणणे सरळ होते. रापणीस माणसे मिळत नाहीत, वाटा परवडत नाही, आणि खोपीसमोर रोज चार गाड्या थांबून 'जेवण मिळेल का' म्हणून विचारतात. हे सर्व खरे होते. तरीही आम्ही त्यांना एक गोष्ट सांगितली, ती येथेही सांगतो, कारण किनाऱ्यावर ज्यांची भावकी आहे अशी पुष्कळ मंडळी समोर आहेत.

ती खोप कोणाच्याही सातबारावर नाही. किनाऱ्याची वाळू कोणाच्या नावे नसते. ती खोप उभी आहे ती केवळ वहिवाटीवर. बापाने जाळे ठेवले, आज्याने ठेवले, गावाने पाहिले. किनारा नियमनाचे कायदेसुद्धा मच्छीमारांची जाळी दुरुस्त करण्याची जागा, मासळी सुकविण्याची जागा, होड्यांची जागा ओळखतात आणि मानतात. जोपर्यंत आत जाळे आहे तोपर्यंत त्या खोपीस काही हक्क आहे, मग तो दुबळा का असेना. जाळे बाहेर काढून टेबले आत गेली की ती खोप परवान्यावर उभी राहते. परवाना दरसाल वा तीन सालांनी नवा करावा लागतो, त्यास फी असते, सोडत असते, आणि सोडतीत चिठ्ठी दुसऱ्याचीही निघू शकते. ज्याने आधी टेबले मांडली त्याचीच खोप राहील असे कोणता कायदा सांगतो? आम्हांस तरी ठाऊक नाही. सरकारी खात्यात इतकी वर्षे राहून एवढे शिकलो की, हक्काने मिळालेली जागा परवान्याने मागितली की ती परत हक्काची होत नाही.

धाकट्याने विचारले, "म्हणजे हॉटेल करूचाच नाय?" आम्ही म्हटले, कर, पण खोपीत नको. मागे आपल्या मालकीच्या माडाच्या बागेत कर, जेथे सातबारा आहे. आणि पाहुण्यास रापणीचाच मासा वाढ. पेडवे केळीच्या पानात भाजून दे, तारल्यांचे तिखले कर, बांगड्यात तिरफळे घाल. काटा काढून खाण्यास तो शिकेल. मत्स्यबंदीच्या जून-जुलैत हॉटेल बंद ठेव. काका मध्येच म्हणाले, "पावसात हॉटेल बंद ठेवतलो तर घर कशार चालतला?" त्यांनीच मुलांची बाजू घेतलेली पाहून आम्हांस गंमत वाटली.

यावर तडजोड झाली ती अशी. थोरल्याने बागेत सहा टेबले मांडली. खोपीत जाळे राहिले. परंतु खोपीची समुद्राकडील पडवी, जेथे पूर्वी म्हातारी मंडळी जाळे विणीत बसत, तेथे दोन बाके टाकून चहा व सरबत देण्यास धाकट्याने सुरुवात केली. आम्ही त्यास हरकत घेतली नाही. घेऊन उपयोगही नव्हता. गेल्या वर्षी गेलो तेव्हा बाके चार झाली होती. रापण आठवड्यातून दोनदा निघते. पाहुणे दोरीस हात लावतात आणि काका त्यांच्या ओंजळीत जुन्या रिवाजाप्रमाणे चार मासे घालतात. ते चार मासे घेऊन पाहुणे बागेत जातात आणि थोरला ते तळून देतो. त्याचे पैसे घ्यावयाचे की नाही यावर घरात एकमत झालेले नाही. थोरल्याचे म्हणणे, तेल-मसाल्याचे तरी घ्यावेत. काकांचे म्हणणे, वाट्याच्या माशाचे पैसे घेतात काय?

पुढील जानेवारीत आपल्या मंडळाची सहल कोकणात न्यावयाची असे कार्यकारिणीत ठरत आहे, असे कानावर आले. तसे ठरल्यास आमच्या गावी एक मुक्काम ठेवावा, पहाटे साडेपाचास किनाऱ्यावर यावे, मंडळातील तरुणांनी दोरीस लागावे, आणि जेवणाची पूर्वसूचना आठ दिवस आधी द्यावी. चाळीस माणसांस पुरतील एवढे पेडवे रापणीत रोज मिळत नाहीत. ज्या दिवशी मिळणार नाहीत त्या दिवशी डाळ-भात आणि सोलकढी जेवावी लागेल, हे चिटणिसांनी वर्गणी गोळा करतानाच सर्वांना सांगून ठेवावे.